टॉवेलाखालचं मेंडोलिन

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत मिळून जेवढा म्हणून संशय असेल, त्यातला निम्मा माझ्या बायकोच्या थोरल्या मामांकडे आहे, आणि उरलेला निम्माही आपल्याच घरातून कुणीतरी उचलून नेला असावा, असा त्यांना संशय आहे. मामा राजुरीला राहतात. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर ते मला कुणी सांगितलं याची चौकशी सुरू होईल, आणि मी त्यांच्या भाचीचा नवरा आहे एवढी सबब त्यांना पुरायची नाही. मला ते प्रथम बघायला आले तेव्हा घोडेगावच्या आमच्या घरात सगळ्यांनी मला पगार विचारला, शेत विचारलं, निर्व्यसनी आहे का ते विचारलं. मामा मात्र कोपऱ्यात बसून माझ्या बोटांकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "पावणं, तुमी वाजवता काय?" मी म्हटलं, काहीच वाजवत नाही, शाळेत इतिहास शिकवतो. मामा बायकोच्या आईला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरगा चांगला वाटतोय, पर वाजवत न्हाई असं लई पटकन सांगितलं त्यानं."

त्यांच्या घराला बेल नाही, कारण बेल वाजवणाऱ्याला आपण घरात आहोत की नाही ते कळतं. वर्तमानपत्र ते शेवटच्या पानापासून वाचतात. पहिल्या पानावर जे छापतात ते आतलं काहीतरी झाकायला, असा त्यांचा ठाम सिद्धांत आहे. चहाचा पहिला घोट घेतल्यावर त्यांची भुवई वर जाते आणि ते मामींना विचारतात, "आज साखर जास्त हाय. कोण येऊन गेलं?" आणि गंमत म्हणजे कुणीतरी येऊन गेलेलं असतंच. सगळा जन्म त्यांनी गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक म्हणून काढला. इंजिनाचा आवाज ऐकून, आपल्या आधी याला कुणाचा हात लागलाय, हे ते सांगायचे. त्या सवयीनं ते माणसांकडेही बघतात. एकदा दिवेलागणीला वस्तीच्या मागच्या उसातून बिबट्या निघाला आणि बांधावर येऊन निवांत बसला. सगळी गल्ली दारं लावून आत गेली. मामा तेवढे ओट्यावर. मामींनी आतून हाका मारल्या तर म्हणाले, "त्याला काय भ्यायचं? बिबट्या कोंबडी नेतो, चाल नेत न्हाई."

चाल. मामांच्या सगळ्या संशयाची मुळी तिथे होती. तरुणपणी ते एका गायन पार्टीत मेंडोलिन वाजवायचे. चौदा एप्रिलच्या पुढेमागे महिना-दीड महिना या पार्ट्यांना घरी झोपायला मिळत नसे. आज या गावची जयंती, उद्या त्या गावची. कधी कधी मुकाबला असे, म्हणजे समोरासमोर दोन स्टेज, दोन पार्ट्या आणि मधे सगळं गाव. मुकाबल्यात समोरच्या पार्टीची माणसं तुमच्या हातावर डोळा ठेवून बसतात हे मामांना तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यांनी गाण्याच्या आधी वाजवायचा एक तुकडा स्वतः बसवला होता. तो एका पार्टीनं उचलला, आणि पुढच्या गावात नेमकी तीच पार्टी आधी स्टेजवर चढली आणि तो वाजवून उतरली. मागून मामांनी आपला तुकडा वाजवला तेव्हा पुढच्या रांगेतला एकजण मोठ्यानं म्हणाला, "ही तर नक्कल हाय राव." मामा ते वाक्य अजून जसंच्या तसं म्हणून दाखवतात. माणसाचं घर लुटलं तर तो ओरडू तरी शकतो; मामांना स्वतःच्या घरात चोर ठरवून बाहेर काढलं होतं. मला त्याचं वाईट वाटतं, आजही वाटतं.

त्या दिवसापासून मामांनी डाव्या हातावर टॉवेल टाकून वाजवायला सुरुवात केली. साधा पंचा, हिरव्या काठाचा. उजव्या हातातली तार छेडायची नखी लोकांना दिसायची, पण डाव्या हाताची बोटं दांडीवरच्या कुठल्या पडद्यावर पडतात ते टॉवेलाला आणि मामांना ठाऊक. एवढ्यानं भागेना म्हणून त्यांनी मेंडोलिन लावायची पद्धतच बदलली. मेंडोलिनला आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या, आणि जोडीतल्या दोन्ही तारा एकाच सुरात लावतात. मामांनी त्यातल्या कशात तरी काहीतरी फिरवलं आणि एका मेंडोलिनमधून दोघं वाजवताहेत असा आवाज यायला लागला. मुकाबल्यात लोक स्टेजच्या मागे दुसरा वाजवणारा शोधायला जायचे. मामा खूश. आणि हे लावणं कुणाच्या हाती लागू नये म्हणून वाजवून झालं की ते सगळ्या तारा सैल सोडून मगच मेंडोलिन पेटीत ठेवायचे. पार्टी मोडली, मुकाबले संपले, मामा निवृत्त झाले, पण नेम चालूच. रोज सकाळी मेंडोलिन काढायचं, ओट्यावर बसून एकेक तार चढवायची, भिंतीकडे तोंड करून, टॉवेल टाकून तासभर वाजवायचं, आणि मग पुन्हा तारा उतरवून पेटीला कुलूप. विहारात कार्यक्रमाला बोलावलं तरी भिंतीकडेच तोंड. "तोंड बघायला आलेत का गाणं ऐकायला?" असं वर विचारायचे.

ऐकणाऱ्यांसाठीही नियम होते. मोबाईल आधी जमा करायचे, तेही टेबलावर नाही, तर तांदळाच्या डब्यात, आणि डब्यावर झाकण, झाकणावर पाटा. मामांच्या मते तांदळातून आवाज जात नाही. एकदा कुणाचा तरी फोन तांदळातच वाजला. मामांनी वादन थांबवलं आणि त्या पाहुण्याकडे असं बघितलं की तो बिचारा फोन न घेताच आपल्या गावी अवसरीला निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी मुलाला पाठवून फोन मागवला.

अशा माणसाच्या घरात अमेरिका आणून सोडायची आगळीक माझ्याकडून झाली. मला जुनी परदेशी गाणी ऐकायचं खूळ आहे. शंभरेक वर्षांमागची, खेड्यापाड्यातल्या अमेरिकन लोकांची, फिडल, गिटार, बँजो आणि मेंडोलिन असल्या तारांच्या वाद्यांची. मागाहून कुणीतरी त्या काळ्या तबकड्या मोबाईलवर चढवून ठेवल्या आहेत. एका रविवारी जेवणानंतर मी मामांना म्हटलं, "मामा, अमेरिकेतलं मेंडोलिन ऐकायचं का?" मामा म्हणाले, "तिकडं कसं गेलं ते?" मी फोन लावला. आधी नुसती भजी तळल्यासारखी चरचर, मग त्यातून एक मेंडोलिन उसळून वर आलं. मामांनी पान लावायचं थांबवलं. एक झालं, दुसरं झालं, तिसऱ्यात एकजण चक्क मातीची सुरई तोंडाला लावून घुमवत होता. मामी दारात येऊन म्हणाल्या, "अगं बया, माठ फुकतोय काय त्यो?" मामा म्हणाले, "गप. खालचा सूर धरलाय त्यानं."

मग चौकशी सुरू झाली. हे लोक कोण, कुठले, कशावर जगायचे. मी माझ्या इतिहासाच्या तासाला सांगतो तसं सांगायला लागलो. त्यातले बरेच काळे लोक. त्यांचे आजे-पणजे गुलाम होते. हे स्वतः दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायचे आणि शनिवारी दुसऱ्याच्या नाचाला वाजवायला जायचे. काही जण गावोगाव औषधं विकणाऱ्याच्या गाडीवर वाजवायचे, गर्दी जमवायला. ज्या घरात वाजवायचं त्या घरात पुढच्या दारानं जायची सोय नव्हती. मामांनी पानाचा देठ खुडून ठेवला आणि म्हणाले, "म्हंजे वाजवायला पुढं आन् जेवायला मागं." मी हो म्हटलं. "आन् ह्या वाजवणाऱ्याचं नाव काय?" मी शोधलं. गाणाऱ्याचं नाव होतं, पार्टीचं नाव होतं, मेंडोलिन वाजवणारा कोण ते माहीत नाही असं लिहिलं होतं. मामांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू ते मीच खोडलं असावं. "ठावं न्हाई कसं? एवढं वाजवतोय त्यो, आन् ठावं न्हाई?"

त्या दिवसापासून मी गेलो की माझा फोन तांदळात जाईना. तो मामांच्या हातात जाई. "लावा तुमच्या काळ्या पाव्हण्यांचं." पहाडातल्या गोऱ्या भावाभावांच्या जोड्याही त्यांनी ऐकल्या, एक गिटारवर आणि एक मेंडोलिनवर, आणि त्यांच्याबद्दल मत दिलं की धाकटा थोरल्याला पुढे जाऊ देत नाही. कोण कुणाची सुरांची जागा उचलतोय ते मामा लगेच पकडायचे. "हे बघा, हे त्या कालच्याचं हाय. चोरलं भडव्यानं." तो चोर मरून किती काळ लोटला असेल, तरी मामांचा राग ताजा. मी म्हटलं, मामा, मेलेल्या माणसावर कसला संशय? तर म्हणाले, "मेलेला लई डेंजर. त्याला इचारता येत न्हाई."

आणि मग ती तबकडी लागली. मेंडोलिन एकच, पण दोघं वाजवताहेत असा आवाज. मामांच्या हातातून सुपारी पडली. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा, आणि मग उठून दार लावलं, खिडकी लावली, आणि माझ्यासमोर बसून फार हळू आवाजात विचारलं, "पावणं, खरं सांगा. तुमी काय काय पाठवलंय तिकडं?"

मी हसलो, ते चुकलंच. पुढचे बरेच दिवस मामांनी मला दारातूनच चहा दिला. बायको माहेरच्या बाजूची. तिचं म्हणणं, मामांना उगाच कशाला छेडायचं. शेवटी मी जाऊन शपथेवर सांगितलं की हा माणूस तुम्ही जन्मायच्या आधीच वाजवून गेला, त्याच्यापर्यंत मी काही पोचवणं शक्य नाही. मामांनी ते मान्य केलं, पण त्यानं त्यांची झोप आणखी उडाली. "मंग मी त्याचं उचललं व्हय?" ते म्हणाले. ज्या माणसानं जन्मभर जगावर संशय घेतला तो आता स्वतःवर घ्यायला लागला होता. मी समजावलं की दोघांना दोन ठिकाणी एकच सुचू शकतं, त्यालाही कुणापासून तरी लपवायचं असेल. हे मात्र त्यांना पटलं. थोड्या वेळानं विचारलं, "त्यानं कुणाला शिकवलं का?" मी म्हटलं, मामा, त्याचं नावच कुणाला ठाऊक नाही, शिष्याचं कुठून असणार? मामा म्हणाले, "हुशार व्हता," पण म्हणताना आवाज काही खुशीचा नव्हता. मी तेव्हा विचारून घेतलं, की तुमचं हे कुणाला देणार? मामांना मूलबाळ नाही. त्यांनी पेटीचं कुलूप ओढून बघितलं आणि विषय बदलला.

गेल्या हिवाळ्यात मामांना लकव्याचा झटका आला. हलकाच, पण डावा हात गेला. नारायणगावच्या दवाखान्यातून आठवड्यानं घरी आले तेव्हा बोलणं शाबूत, चालणं शाबूत, संशय तर पूर्वीपेक्षा तल्लख. हाताचा व्यायाम घ्यायला येणाऱ्या पोरीनं रबरी बॉल दाबायला दिला तर मामांनी तो उजव्या हातात घेतला. मला कानात म्हणाले, "बॉल दाबायचं निमित्त हाय. बोटं कशी फिरतात ते बघती." मी म्हटलं, मामा, तिनं जन्मात मेंडोलिन बघितलेलं नाही. "तुमीबी असंच म्हणाला व्हता," मामा म्हणाले.

बोटं हलेनात. मेंडोलिन पेटीत पडलं होतं, तारा सैल, जसं शेवटच्या दिवशी उतरवून ठेवलं तसं. मामा रोज सकाळी पेटी उघडायचे, एका हातानं चावी फिरवायला जायचे, मेंडोलिन मांडीवरून घसरायचं. मी म्हटलं, मी धरतो, तुम्ही सूर सांगा, मी लावतो. मामा ओठ घट्ट मिटून बसले. हात गेला होता, तबकडी नव्हती, शिष्य नव्हता, आणि आता त्यांनी तोंड उघडलं नाही तर ते दोन माणसांचं वाजणं त्या पेटीतच संपणार होतं. मला राग आला, खोटं कशाला सांगू. मी म्हटलं, "मामा, त्या बिननावाच्या माणसासारखं करायचंय का तुम्हाला?" मामांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते कुणाला दिसू नये म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

मामी तेव्हा चुलीपाशी भाकरी थापत होत्या. त्यांनी परातीत हात धुतले, पदराला पुसले आणि येऊन मामांच्या मांडीवरचं मेंडोलिन उचललं. जन्मात त्यांनी त्या पेटीला हात लावला नव्हता. झाडतानासुद्धा पेटीभोवतून केरसुणी फिरवायच्या. मेंडोलिन मांडीवर घेऊन त्या तोंडानं हलकेच गुणगुणल्या, तार छेडली, चावी पिळली, पुन्हा गुणगुणल्या. पहिली जोडी लागली. दुसरी लागली. तिसरी त्यांनी जरा चढवली, मान हलवली आणि खाली आणली. वरच्या जोडीतली एक तार वर नेली आणि दुसरी मुद्दाम खाली ठेवली, वेगळ्याच सुरात. मग सगळ्या तारांवरून बोट फिरवलं आणि घरात मामांची सकाळ वाजली. मी थक्क झालो.

मामांचा चेहरा बघण्यासारखा होता. "तुला कुणी सांगितलं?" ते म्हणाले. आवाज वर्कशॉपमधला.

"तुमीच," मामी म्हणाल्या. "रोज तारा उतरवता, मंग रोज सकाळी पुन्यांदा चढवता. मी हितं चुलीपाशी. कान काय बांधून ठेवू? तिसरी तार तुमची रोज आदी चढी व्हती, मंग खाली आणता, तेबी ठावं हाय मला."

मामांनी टॉवेल टाकला, भिंतीकडे तोंड केलं, फोन तांदळात पुरले. आणि जे एकच खरं गुपित होतं ते लपवण्यासाठी रोज तारा उतरवून, रोज सकाळी ओट्यावर बसून, एकेक सूर करून सगळ्या गल्लीला ऐकवलं. हे त्यांच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. मग त्यांनी फार सावधपणे विचारलं, "आनखी कुणाकुणाला ठावं हाय?"

मामींनी नुसतं दाराकडे बघितलं. दारात गल्ली जमली होती. इतक्या दिवसांनी तारा ऐकू आल्या म्हणून बायका हातातलं काम टाकून आल्या होत्या. दूध घालायला निघालेला शेजारी किटली घेऊन उभा होता, आणि तो अगदी सहज शिट्टीवर तेच चार सूर म्हणत होता, तिसरा आधी चढा, मग खाली. समोरच्या म्हाताऱ्या आजी काठीवर रेलून म्हणाल्या, "आलं का रं बाबा तुझं वाजाप? म्या म्हनलं आता उजाडतच न्हाई का काय."

"तुमाला समद्यांना ठावं व्हतं?" मामा म्हणाले. "मंग कुणी बोललं का न्हाई?"

"बोलून काय?" आजी म्हणाल्या. "तू उतरवायचं बंद केलं असतं. मंग सकाळ झाली हे कसं कळायचं आमाला?"

मामा खाली बघत राहिले. इतकी माणसं, इतकी वर्षं, आणि कुणीही चोरलं नव्हतं. याची त्यांना सवयच नव्हती.

आता ते मामींना शिकवतात. मेंडोलिन दोघांच्या मधे, नखी मामांच्या उजव्या हातात, आणि पडद्यांवर बोटं मामींची. पहिल्या दिवशी सवयीनं मामांनी मामींच्या हातावर टॉवेल टाकला. मग त्यांनाच दिसेना की बोट कुठे पडतंय. दोनदा चुकल्यावर त्यांनी टॉवेल काढला, झटकला आणि खांद्यावर टाकला. मामींची बोटं भाकरी थापून जाड झालेली, जागा चुकतात. चुकल्या की मामा म्हणतात, "हे मुद्दाम करतीस तू," आणि मामी म्हणतात, "व्हय, मुद्दाम." तुकडा अजून निम्माच बसलाय. पण तोच तुकडा, मुकाबल्यातला, ज्याला कुणीतरी नक्कल म्हटलं होतं.

मागच्या खेपेला मी गेलो तर सवयीनं फोन तांदळाच्या डब्याकडे न्यायला लागलो. मामा म्हणाले, "राहू द्या की भायेर. घ्या भरून." मी रेकॉर्डिंग सुरू केलं. त्यात चुलीवरच्या कालवणाची फोडणी आहे, मामींचं "थांबा वो" आहे, बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर आहे, आणि या सगळ्यातून ती दोन माणसांसारखं वाजणारी तार आहे, आणि या वेळी वाजवणारी माणसंही दोन. झाल्यावर मामांनी फोन हातात घेतला आणि मला बजावलं, "खाली नाव घाला नीट. आदी हिचं, मंग माझं. न्हाईतर शंभर वर्सांनी कुणीतरी म्हणंल, कोण वाजवतंय ठावं न्हाई." मी तिथेच त्यांच्यासमोर नावं घातली. त्यांनी ती चष्मा लावून दोनदा तपासली.

मग निघताना बघितलं, तर मामा एका हातानं पुन्हा तारा सैल करत होते आणि मामी मेंडोलिन धरून बसल्या होत्या. मी म्हटलं, "मामा, आता कशाला उतरवता? कुणापासून लपवायचंय?"

मामांनी दाराकडे बघितलं. समोरच्या ओट्यावर आजी उन्हाला पाठ करून बसल्या होत्या.

"कुणापासून न्हाई," मामा म्हणाले आणि शेवटची तार सोडली. "उद्या पुन्यांदा लावाया नको का? ती म्हातारी वाट बघती."